निकोप नात्यांचे धडे: हा विषय शाळेत आला कुठून?

नववी-दहावीच्या मुलामुलींना नात्यांबद्दल काही शिकवायचं म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे शाळेचं काम आहे का? हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मुलांच्या मनात काय चाललंय यापेक्षा मोठ्यांना त्या त्या काळी कशाची धास्ती वाटत होती, यावर अभ्यासक्रम ठरत गेला. आधी गुप्तरोगांची धास्ती, मग मोडणाऱ्या संसारांची, पुढे मारहाणीची आणि एड्सची. दोन माणसांनी एकमेकांशी वागायचं कसं, नकार कसा द्यायचा, तो पचवायचा कसा, या गोष्टींना वर्गात जागा मिळायला फार उशीर झाला.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळा भर रोगांवर होता. १९१३ मध्ये शिकागोच्या शाळांच्या प्रमुख एला फ्लॅग यंग यांनी हायस्कूलमध्ये लैंगिक आरोग्यावर डॉक्टरांची व्याख्यानं ठेवली. मोठ्या शहराच्या सरकारी शाळांमध्ये असं काही होण्याची ती जवळजवळ पहिलीच वेळ. त्यावर इतका गदारोळ झाला की प्रयोग पुढे चालू राहिला नाही. १९१४ मध्ये अमेरिकन सोशल हायजीन असोसिएशन स्थापन झाली आणि नंतरची बरीच वर्षं ‘आरोग्य’ आणि ‘शुचिता’ याच चौकटीत बोलणं होत राहिलं. रोग कसा होतो हे मुलांना सांगितलं जात होतं. आवडणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं, हा प्रश्न त्या चौकटीत बसतच नव्हता.

चौकट बदलली ती लग्नाच्या काळजीपोटी. १९२७ मध्ये समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट ग्रोव्ह्ज यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात लग्नाच्या पूर्वतयारीचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यामागे विद्यार्थ्यांचीच मागणी होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. विचारलं तर मुलं काय मागतात, याची ती जुनी साक्ष आहे. पुढे १९४० आणि १९५० च्या दशकांत ‘कौटुंबिक जीवन’ या नावाखाली तो विषय हायस्कूलपर्यंत झिरपला. गृहविज्ञानाच्या तासाला स्वयंपाक आणि शिवणाबरोबर जोडीदाराची निवड, घरखर्च, सासर-माहेर अशी प्रकरणं येऊ लागली.

त्या काळात वर्गात दाखवायच्या छोट्या फिल्म निघाल्या. कोरोनेट या कंपनीची १९४९ ची एक फिल्म आजही पाहण्यासारखी आहे. वूडी नावाच्या मुलाला एका जत्रेचं जोडप्यासाठीचं तिकीट मिळतं. कोणाला बोलवायचं, फोनवर कसं विचारायचं, परतताना दारात निरोप कसा घ्यायचा, अशा प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन पर्याय दाखवले जातात आणि त्यातलं बरं काय ते प्रेक्षकांना ठरवायला सांगितलं जातं. आज ती कृत्रिम वाटते. विचारणारा मुलगाच, मुलीने फक्त उत्तर द्यायचं, हे तिथे गृहीतच आहे. मुलगी ‘नाही’ म्हणाली आणि मुलगा चिडला तर काय, याचा मागमूस नाही. तरीही तिची पद्धत पुढच्या अनेक व्याख्यानांपेक्षा सरस होती. प्रसंग दाखवायचा, थांबायचं, पर्याय तोलायचे. ही पद्धत पुन्हा वर्गात येईपर्यंत चार दशकं जावी लागली.

स्वीडनने वेगळी वाट धरली. एलिसे ओटेसन-येन्सेन यांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये तिथे आरएफएसयू ही लैंगिक शिक्षणासाठी काम करणारी संस्था उभी राहिली आणि १९५५ मध्ये लैंगिक शिक्षण शाळांना सक्तीचं झालं. असं करणारा तो जगातला पहिला देश. तिथल्या विषयाच्या नावात पुढे सहजीवनाचाही समावेश झाला.

हिंसेचा मुद्दा मात्र सगळीकडेच बाजूला राहिला होता. १९५७ मध्ये क्लिफर्ड कर्कपॅट्रिक आणि यूजीन कॅनिन यांनी कॉलेजमधल्या डेटिंगमध्ये मुलांकडून होणाऱ्या जबरदस्तीवर शोधनिबंध छापला. पुरावा समोर होता, पण शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात त्याने काही हललं नाही. प्रेमात असलेल्या तरुणांमध्ये मारहाण होते, हे मान्य करायची तयारीच नव्हती. मारहाण हा नवरा-बायकोचा मामला, आणि तोही घराच्या चार भिंतींतला.

त्या भिंती आधी बायकांनी फोडल्या. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिकमध्ये एरिन पिझी यांनी छळ सोसणाऱ्या स्त्रियांसाठी निवारा उघडला आणि अशी घरं पुढे अनेक देशांत उभी राहिली. १९८१ मध्ये जेम्स मेकपीस यांचा कॉलेज विद्यार्थ्यांवरचा अभ्यास आला. त्यात सुमारे पाचातल्या एकाने प्रेमसंबंधातल्या शारीरिक हिंसेचा प्रत्यक्ष अनुभव सांगितला होता. लग्नाआधीच हे सुरू होतं, म्हणजे ते रोखायचं तर लग्नाच्या आधीच्या वयात जायला हवं. हा तर्क इथून पुढे शाळेच्या दारापर्यंत पोचला.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावात तयार झालेली एक आकृती याच प्रवासातली. एलेन पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छळ सोसलेल्या स्त्रियांच्या गटांना विचारलं, तुमच्या बाबतीत नेमकं काय घडतं? उत्तरांतून जे वारंवार समोर आलं ते त्यांनी एका चाकात मांडलं. मधोमध ‘सत्ता आणि नियंत्रण’. आऱ्यांमध्ये धमकावणं, अपमान करणं, माणसांपासून तोडणं, पैशावर ताबा ठेवणं, ‘मी काही केलंच नाही, तुझंच चुकलं’ म्हणणं, मुलांचा वापर करणं. आणि बाहेरच्या धावेवर, सगळ्याला बांधून ठेवणारी, शारीरिक आणि लैंगिक हिंसा. या चाकाचं खरं मोल हे की त्याने एका फटक्यावरची नजर रोजच्या वागण्यावर नेली. हात उगारण्याच्या कितीतरी आधी मैत्रिणींना भेटणं बंद झालेलं असतं.

नंतर याच चाकाची किशोरवयीनांसाठीची आवृत्ती झाली. तिच्यातून मुलांचा वापर गळाला आणि मित्रमंडळींचा दबाव, गटातून बाहेर टाकणं, वर्गातल्या लोकप्रियतेचा धाक हे आरे आले. पंधराव्या वर्षी सत्ता कशी चालते हे ज्याने वर्ग जवळून पाहिलाय त्याला नीट ठाऊक असतं. तिथे पैशापेक्षा ‘सगळ्यांना सांगीन’ ही धमकी भारी पडते. चाकाच्या जोडीला समानतेचंही चाक आहे: विश्वास, आदर, जबाबदारी वाटून घेणं, मोकळं बोलणं. वर्गात बहुतेक वेळा पहिलंच चाक लावलं जातं. धोक्याची खूण ओळखायला शिकवणं तुलनेने सोपं, चांगलं नातं कसं दिसतं हे दाखवणं अवघड, म्हणून असेल.

याच सुमारास एड्सची साथ आली. १९८६ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे सार्वजनिक आरोग्यप्रमुख, सी. एव्हरेट कूप यांनी लहान वयातच लैंगिक शिक्षण द्यावं असं अहवालात स्पष्ट म्हटलं. १९९६ च्या कायद्याने मात्र लग्नापर्यंत संयम पाळा एवढंच सांगणाऱ्या कार्यक्रमांसाठी वर्षाला पाच कोटी डॉलरची केंद्रीय तरतूद केली. दोन्ही बाजू हिरिरीने भांडल्या आणि त्या भांडणात नात्यांचा विषय पुन्हा कडेला गेला.

तरी शांतपणे काम करणारे होते. १९९४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या जॉन्स्टन काउंटीत व्हॅन्जी फोशी यांनी आठवी-नववीच्या मुलांसाठी प्रेमसंबंधांतली हिंसा रोखण्याचा ‘सेफ डेट्स’ हा कार्यक्रम १४ शाळांमध्ये सुरू केला. दहा तासिका, विद्यार्थ्यांनीच बसवलेलं नाटुकलं आणि पोस्टर स्पर्धा असं त्याचं स्वरूप. निम्म्या शाळांत कार्यक्रम, निम्म्यांत नाही, अशी तुलना केली गेली, आणि चार वर्षांनंतरही फरक दिसला.

कॅनडात डेव्हिड वुल्फ आणि सहकाऱ्यांचा ‘फोर्थ आर’ हा कार्यक्रम नववीच्या आरोग्याच्या तासालाच जोडलेला होता. वाचन, लेखन, गणित (इंग्रजीत यांना ‘थ्री आर्स’ म्हणतात) यांच्या रांगेत चौथा मूलभूत विषय नात्यांचा, ही त्यामागची भूमिका. ऑन्टॅरिओतल्या २० शाळांतल्या १,७२२ विद्यार्थ्यांवरचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अडीच वर्षांनी जोडीदाराला मारहाण केल्याचं प्रमाण कार्यक्रम नसलेल्या शाळांत ९.८ टक्के आणि असलेल्या शाळांत ७.४ टक्के होतं. फरक मोठा नाही, पण खरा आहे, आणि तो मुलग्यांमध्ये जास्त दिसला. या वर्गांत मुलं बोलण्याचा सराव करतात: थेट नकार, निर्णय पुढे ढकलणं, वाटाघाट. ‘नाही म्हणा’ असं सांगणं वेगळं. समोर उभ्या असलेल्या मित्राला, इतर पाहत असताना, प्रत्यक्ष नाही म्हणून पाहणं वेगळं. तोंडातून ते वाक्य एकदा तरी निघालेलं असलं तर वेळ आल्यावर ते सापडायची शक्यता वाढते.

मला सर्वात जास्त विचार करायला लावला तो न्यूयॉर्कमधल्या प्रयोगाने. नॅन स्टाइन आणि ब्रूस टेलर यांनी सहावी-सातवीच्या, म्हणजे हायस्कूलच्या उंबरठ्यावरच्या मुलांना शाळेचा नकाशा दिला आणि कुठे सुरक्षित वाटतं, कुठे नाही, ते त्यावर दाखवायला सांगितलं. मुलांनी असुरक्षित म्हणून दाखवलेल्या जागी मोठ्यांची उपस्थिती वाढवली गेली. ३० शाळांच्या या अभ्यासात शाळेच्या वातावरणातले हे बदल परिणामकारक ठरले. नुसत्या वर्गातल्या धड्यांनी तेवढं साधलं नाही. ज्या शाळेत जिन्याच्या वळणावर रोज कुणीतरी कुणाची वेणी ओढतं आणि शिक्षक न पाहिल्यासारखं करून पुढे जातात, तिथे आदरावरच्या तासाला मुलं किती गंभीरपणे घेतील? शाळेतल्या मोठ्यांचं वागणं हाही अभ्यासक्रमच असतो. सॅक्रामेंटोमधल्या १६ हायस्कूलमध्ये हे काम खेळाच्या प्रशिक्षकांकडे दिलं गेलं. हंगामभर दर आठवड्याला काही मिनिटं ते आपल्या संघाशी मुलींशी वागण्याबद्दल बोलले. मैदानावरच्या सरांचा शब्द मुलगे ऐकतात, एवढ्याच साध्या निरीक्षणावर ते उभं होतं.

सगळंच इतकं आशादायक नाही. २०१४ मध्ये अशा शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा मुलांचं ज्ञान आणि मतं बदलतात, पण वागण्यातला बदल तितका ठोस दिसत नाही, असं आढळलं. एखाद-दुसऱ्या व्याख्यानावर जबाबदारी संपवणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

कायदे बहुतेक वेळा दुःखद घटनांच्या मागून आले. २००७ मध्ये र्‍होड आयलंड राज्याने सातवी ते बारावीला प्रेमसंबंधांतल्या हिंसेचं शिक्षण बंधनकारक केलं. माजी प्रियकराने जीव घेतलेल्या एका तरुणीच्या आईने, जी स्वतः शाळेत आरोग्य शिकवायची, त्यासाठी पाठपुरावा केला होता. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये शॅनेल कॉन्टोस यांच्या ऑनलाइन याचिकेवर हजारो तरुणींनी शालेय वयातले अत्याचाराचे अनुभव लिहिले आणि पुढच्याच वर्षी संमतीचं शिक्षण सर्व शाळांत सक्तीचं करायचं ठरलं. तिथे हा बदल मुलींनी स्वतः बोलून घडवला.

तसं पाहिलं तर मुलांना काय हवं हे विचारणारेही आता भेटतात. हार्वर्डमधल्या एका प्रकल्पाचा २०१७ चा अहवाल सांगतो की १८ ते २५ वयोगटातल्या ६५ टक्के तरुणांना प्रेमाच्या भावनिक बाजूबद्दल शाळेत काही मार्गदर्शन मिळायला हवं होतं असं वाटत होतं. नातं सुरू कसं करावं, दुखावलं न जाता आणि न दुखावता ते संपवावं कसं, असे त्यांचे प्रश्न. युनेस्कोच्या लैंगिक शिक्षणावरच्या २००९ च्या आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत ‘नाती’ ही संकल्पना यादीत पहिली आहे, शरीराच्या आधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जोडीदार असलेल्या किंवा राहिलेल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी जवळजवळ चौघींतल्या एकीने जोडीदाराची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. लग्न ठरण्याची वाट पाहणारा अभ्यासक्रम त्यांच्यापर्यंत पोचेल तेव्हा फार उशीर झालेला असेल.

इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबरपासून माध्यमिक शाळांत नाती आणि लैंगिक शिक्षण सक्तीचं आहे. स्वीडनने २०२२ मध्ये विषयाच्या नावातच संमती हा शब्द घातला. मधल्या काळात नियंत्रणाची साधनं बदलली आहेत: चोवीस तास लोकेशन दाखवायची सक्ती, पासवर्ड मागणं, उत्तर यायला दहा मिनिटं लागली म्हणून झालेली भांडणं. इंग्लंडची २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली सुधारित मार्गदर्शिका, जी सप्टेंबर २०२६ पासून लागू करायची ठरली, डीपफेक आणि ऑनलाइन पसरणाऱ्या स्त्रीद्वेषाबद्दलही बोलायला सांगते. त्या तासाला उभे राहणारे बहुतेक शिक्षक मात्र मुळात दुसऱ्याच विषयाचे असतात, आणि त्यांना यासाठी किती प्रशिक्षण आणि वेळापत्रकात किती तासिका मिळतात यावर ती मार्गदर्शिका वर्गात किती उतरेल ते ठरणार आहे.