फिनलंडचा 'फुकट पगार' खरंच मध्येच गुंडाळला?

'फिनलंडने सगळ्यांना फुकट पैसे वाटले, लोक आळशी झाले, सरकारने योजना गुंडाळली' हा फॉरवर्ड अजून फिरतोय. खरं असं : पैसे सगळ्यांना नव्हतेच. बेकारभत्ता घेणाऱ्या २५ ते ५८ वयाच्या २,००० जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडलं आणि दरमहा ५६० युरो दिले. नोकरी लागली तरी ते बंद होणार नव्हते. खरी मेख हीच. प्रयोग ठरलेली दोन वर्षं, २०१७-१८, पूर्ण चालला. सरकारने फक्त मुदत वाढवली नाही. आणि आळस? नोव्हेंबर २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या वर्षभरात हे लोक इतर बेकारांपेक्षा सरासरी सहा दिवस जास्तच कामावर होते. फरक किरकोळ, शिवाय २०१८मध्ये भत्त्याचे नियम बदलल्याने तोही थोडा गढूळच. मनावरचा ताण मात्र कमी आढळला.