हातावर पोट की पहिल्या तारखेचा पगार?

आमची आजी लालबागच्या चाळीत राहायची तेव्हा वाण्याकडून तेल रोजच्या रोज आणायची, वाटीत, लागेल तेवढंच. आजोबा मिलमध्ये बदली कामगार होते. ज्यांनी हा शब्द ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगतो, बदली म्हणजे रोज पाळीच्या आधी मिलच्या गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कोणी खाडा केला तर त्याच्या जागी तुम्हाला आत घेणार, नाहीतर परत घरी. काही वर्षांनी आजोबा कायम झाले आणि आजी सांगायची की त्या महिन्यात घरात पहिल्यांदा तेलाचा डबा आला. मला लहानपणी वाटायचं पगार खूप वाढला असेल. पण नाही, ज्या दिवशी काम मिळायचं त्या दिवसाचे पैसे आधीही फार कमी नव्हते, फरक एवढाच पडला की आता महिनाअखेरीस किती पैसे येणार हे पहिल्या तारखेलाच माहीत होतं.

मी गेली काही वर्षं कामगार वर्ग आणि मध्यमवर्ग यावरचं संशोधन जमेल तसं वाचतोय आणि दरवेळी फिरून त्या डब्यापाशीच येतो.

आधी हे बघू की वर्ग मोजतात कसा, कारण विचारलं तर आपल्याकडे सगळेच स्वतःला मध्यमवर्गीय म्हणतात. 2014 च्या एका मोठ्या सर्व्हेमध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या लोकांनी आम्ही मध्यमवर्गीय असं सांगितलं होतं आणि त्यात अगदी कमी उत्पन्नवालेही भरपूर होते. म्हणून संशोधक नुसतं विचारत नाहीत, मोजपट्टी लावतात. तुमच्या ओळखीत कोणी एमबीबीएस करत असेल तर त्याला कुप्पुस्वामी स्केल विचारा, लगेच सांगेल. 1976 साली तयार झालेली ही पट्टी शहरी कुटुंबांसाठी आहे, घरातल्या कर्त्या माणसाचं शिक्षण, त्याचं काम आणि कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न याचे मार्क मिळवायचे, जास्तीत जास्त 29, आणि 16 ला पोचलात की उच्च मध्यमवर्ग सुरू. महागाई वाढते तसे उत्पन्नाचे आकडे अधूनमधून बदलत राहतात. दुसरी पट्टी जाहिरात आणि मार्केट रिसर्चवाल्यांची, 2011 पासूनची. ती उत्पन्न विचारतच नाही, कारण उत्पन्न कोणी खरं सांगत नाही. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण बघते आणि 11 वस्तूंपैकी घरात किती आहेत ते मोजते, म्हणजे वीज, पंखा, गॅस, टू-व्हीलर, कलर टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, गाडी, एसी आणि शेतजमीन.

आता माझा मावसभाऊ घ्या. बीकॉम झालाय, बाईक आहे, घरी फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन सगळं आहे, त्यामुळे या दुसऱ्या पट्टीवर तो बराच वर जाऊन बसतो. काम करतो जेवण पोचवणाऱ्या एका ॲपसाठी. दिवसाला किती ऑर्डर येतील, रेट किती लागेल, आयडी उद्या चालू असेल की ब्लॉक, यातलं काहीही त्याला आदल्या रात्री माहीत नसतं. तो सकाळी ॲप ऑन करतो आणि वाट बघतो. म्हणजे आमचे आजोबा गेटवर उभे राहायचे तेच, फक्त गेट आता खिशात आलंय, आणि तरी पट्टी म्हणते हा मध्यमवर्गीय.

ब्रिटनमध्ये हा घोळ फार जुना आहे आणि तिथल्या लोकांनी त्यावर विचारही बराच केलाय. 1911 च्या जनगणनेच्या वेळी त्यांनी लोकांच्या कामावरून वर्ग पाडले, कारण कुठल्या घरात लहान मुलं जास्त दगावतात हे त्यांना समजून घ्यायचं होतं. ती पद्धत थोडेफार बदल होत होत विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालली, 2001 पासून नवीन आली आणि नवीन पद्धतीतला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. हात काळे होतात की नाही हे बघायचं सोडून ती मालकाशी तुमचं नातं काय हे बघते. एका प्रकारात तुम्ही केलेल्या तासांचे किंवा नगांचे पैसे मिळतात, विषय संपला. दुसऱ्या प्रकारात तुम्हाला पगार मिळतो पण त्यासोबत पुढचंही काहीतरी मिळतं, इन्क्रिमेंट, प्रमोशन, पेन्शन, आजारपणाची रजा, आणि काम कसं करायचं हे थोडंफार तुम्ही ठरवता. पहिला कामगार, दुसरा मध्यमवर्गीय. मराठीत हे आपण कधीच बोलून ठेवलंय, हातावर पोट असणं हा शब्दप्रयोग किती पैसे मिळतात यावर नाहीच, हात थांबला की पोट थांबतं यावर आहे. पांढरपेशा हा शब्द मात्र कपड्यांवर आणि लिखापढीच्या कामावर बोट ठेवतो, आणि मला वाटतं आपला सगळा गोंधळ तिथेच होतो, आपण कपडे बघतो.

पण याचा विज्ञानाशी काय संबंध असं कोणी म्हणेल, तर संबंध थेट हृदयाशी आहे. लंडनचं व्हाइटहॉल म्हणजे आपल्या मंत्रालयासारखं. 1967 मध्ये तिथल्या जवळपास 18 हजार पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास सुरू झाला, पुढे मायकल मार्मट या संशोधकाच्या नावाने तो गाजला. तेव्हा समज असा होता की हार्ट अटॅक हा मोठ्या साहेबांचा आजार, डोक्याला ताप जास्त म्हणून. निघालं उलटंच. शिपाई, निरोपे, दरवान यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट होतं. आणि यातला कोणीही उपाशी नव्हता, सगळे एकाच शहरात, सगळ्यांना सरकारी दवाखाना फुकट. बरं, फरक फक्त एकदम वर आणि एकदम खाली असा नव्हता, प्रत्येक पायरीवर होता, साहेबाच्या लगेच खालचा माणूससुद्धा साहेबापेक्षा जास्त धोक्यात. खालच्या पायरीवर सिगारेट जास्त ओढायचे हे खरं आहे पण सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं हिशोबात धरलं तरी फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहत होता.

म्हणून 1985 मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला, 10,308 लोक, यावेळी बायकाही. त्यात कामावर आपला किती ताबा आहे हे विचारलं, म्हणजे काय कधी कसं करायचं हे तुम्ही ठरवता की दुसरा. ज्यांचा ताबा कमी त्यांना हृदयविकार जास्त. आणि याच अभ्यासातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. त्यातलं एक खातं खाजगी होणार अशी बातमी आली, अजून कोणाची नोकरी गेली नव्हती, पगार तोच, टेबल तेच, पण लोकांच्या तब्येतीच्या तक्रारी तेव्हाच वाढायला लागल्या, म्हणजे उद्याचं दिसेनासं झालं तेवढंच पुरलं.

शरीर असं का करतं? धोका दिसला की मेंदू मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींना इशारा देतो, ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसोल रक्तात येतात, साखर वाढते, हृदय जोरात पळतं, आणि हे चांगलंच आहे, कुत्रा मागे लागला तर हेच वाचवतं. कुत्रा गेला की सगळं खाली यायला पाहिजे. पण कुत्रा जातच नसेल, तो रोज सकाळी गेटवर उभाच असेल, तर यंत्रणा कधी पूर्ण बंद होत नाही आणि वर्षानुवर्षांनी बीपी वाढतं, पोटावर चरबी साठते, झोप बिघडते. या साठत गेलेल्या झिजेला ब्रूस मॅकएवेन या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने 1993 मध्ये ॲलोस्टॅटिक लोड असं नाव दिलं.

डोक्यावर काय परिणाम होतो यावर आपल्या इथला एक अभ्यास आहे, 2013 चा, तमिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांचा. उसाचे पैसे वर्षातून एकदाच येतात, म्हणजे तोच माणूस तोडणीच्या आधी कडकीत आणि नंतर खुशीत. त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळी आकृत्यांची कोडी घातली तर तोडणीआधी मार्क कमी आले. यावरून गरिबी बुद्धीच खाते असं बरेच लोक लिहायला लागले, पण मी इथे सावध राहीन, कारण अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशीच तपासणी केली तेव्हा फरक दिसला नाही. मला यात विरोध वाटत नाही खरं तर, पगार चार दिवसांनी येणारच हे माहीत असणं आणि उसाचे पैसे कधी, किती, हे माहीत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा माझा अंदाज, सिद्ध झालेलं नाही.

पुन्हा आजोबांच्या मिलकडे येतो. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, दत्ता सामंत नेते. आज त्याबद्दल बोलताना लोक पगारवाढीचंच बोलतात पण बदलींना कायम करा हीसुद्धा त्यातली मोठी मागणी होती, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आता सरकारी सर्व्हेमध्ये पगारदार म्हणून ज्यांची नोंद होते त्यांच्यातल्याही निम्म्याहून जास्त लोकांकडे नोकरीचा लेखी करार नाही. शर्ट इस्त्रीचा, गळ्यात आयकार्ड, आणि करार नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात गिग वर्कर (म्हणजे माझ्या मावसभावासारखे) हा शब्द आला तोही अशा व्याख्येसकट की हा माणूस मालक-नोकर या नेहमीच्या नात्याच्या बाहेर काम करतो.

त्यामुळे कुप्पुस्वामीच्या फॉर्ममध्ये अजून एक प्रश्न घालावा असं मला मनापासून वाटतं, उद्या ताप आला आणि घरी झोपलात तर त्या दिवसाचे पैसे मिळतात का. मी मावसभावाला विचारलं होतं. तो म्हणाला, दादा गेल्या पावसाळ्यात तीन दिवस तापातच गाडी चालवली, पावसात रेट जास्त मिळतो ना. मावशी बाजूलाच कणीक मळत होती, काही बोलली नाही, मग त्याला म्हणाली जाताना अर्धा किलोची तेलाची पिशवी आण, एकच आण.