माँटेसरी वर्गातील जीवनव्यवहाराची कामे : पार्श्वभूमी

माँटेसरी वर्गात तीन वर्षांच्या मुलाच्या हाती अक्षरांच्या बऱ्याच आधी पाण्याचा जग, फडके, बटणांची चौकट आणि छोटी केरसुणी येते. मराठी बालशिक्षणात या कामांना जीवनव्यवहार म्हणतात. मुलाला स्वावलंबी करण्यासाठी ती मुद्दाम योजलेली आहेत, असे आज पालकांना सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण या कामांचा उगम इतका उदात्त नव्हता.

रोमच्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी माँटेसरी पद्धतीचे पहिले बालगृह सुरू झाले, ते इमारतींच्या मालकांच्या पुढाकाराने. दुरुस्त केलेल्या इमारतींत आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली मुले जिने-भिंती खराब करीत. वारंवार डागडुजी करण्यापेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणे स्वस्त पडेल, हा त्यामागचा हिशेब होता. मूल अंघोळ घालून, स्वच्छ कपड्यांत पाठवले नाही तर त्याला काढून टाकले जाईल, असा नियम तेथे लावलेला होता. हात धुणे, नखे साफ करणे, नाक शिंकरणे हे धडे या वातावरणातून आले. लाकडी साधने मात्र दुसऱ्याच वाटेने आली. मंदबुद्धी ठरवलेल्या मुलांसाठी दोन फ्रेंच वैद्यांनी केलेल्या कामावरून या पद्धतीच्या जनक डॉ. मारिया माँटेसरी यांनी ती आधीच विकसित केली होती. ही साधने सुरुवातीला कुलूपबंद कपाटात असत. एकदा शिक्षिका कुलूप लावायला विसरली, तेव्हा मुलांनी आपापली साधने स्वतःच काढून कामाला सुरुवात केली, अशी हकिकत पुढे सांगितली गेली. मुलाच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटे त्यानंतर आली. स्वावलंबनाचा विचार घेऊन बालगृह उघडले नव्हते. तो विचार तेथे हळूहळू सापडत गेला.

यानंतरचा युरोप-अमेरिकेतील प्रसार, १९१४ मध्ये अमेरिकेतून झालेली कडक टीका आणि पहिल्या महायुद्धानंतरची पीछेहाट हा भाग येथे बाजूला ठेवला आहे. आपल्याकडील धागा भावनगरपासून सुरू होतो. तेथे १९२० मध्ये वकिली सोडून शिक्षणात आलेल्या एका गुजराती शिक्षकाने बालमंदिर उघडले. तीन वर्षांनी एक मराठी विदुषी त्या कामात सामील झाल्या. या बालमंदिरात माँटेसरी साधने होती, पण त्यांच्या जोडीला गोष्टी, गाणी, नाटुकली आणि बागकामही होते. लहान वयात परीकथा नकोत, मुलाला आधी खऱ्या वस्तूंचा आणि खऱ्या कामांचा अनुभव हवा, असे डॉ. माँटेसरी यांचे मत होते. भावनगरने ते मुकाट्याने बाजूला ठेवले. मूळ पद्धतीपासूनची ही पहिली फारकत फारशी गाजली नाही, कारण साधनांना आणि जीवनव्यवहाराच्या कामांना कोणी हात लावला नव्हता.

१९३६ मध्ये दादरला सुरू झालेल्या शिशुकेंद्रात ही पद्धत मराठी मध्यमवर्गाच्या घराशेजारी आली. तिथल्या मुलाच्या दृष्टीने जीवनव्यवहार ही खरोखरच नवी गोष्ट होती. घरी पाणी कोणीतरी हातात देत असे, सदऱ्याच्या गुंड्या कोणीतरी लावत असे. वर्गात तबकात दोन लहान जग ठेवलेले असत. आधी डाळ किंवा तांदूळ एका जगातून दुसऱ्यात ओतायचे आणि हात स्थिर झाला की पाणी. बाई एकदा न बोलता, अगदी सावकाश करून दाखवणार. शेवटचा थेंब जगाच्या ओठावरून टिपून घेणार. पाणी सांडले तर पुसायचे फडके त्याच तबकात असते, म्हणून रागावण्याची किंवा कोणाला हाक मारण्याची गरज पडत नाही. भांडी फुटणारी का असावीत, असा प्रश्न पालक आजही विचारतात. भांडे आदळले तर फुटते, हे मुलाला भांड्यानेच सांगावे, हा त्यामागचा हेतू आहे.

डॉ. माँटेसरी स्वतः १९३९ च्या अखेरीस मद्रासजवळच्या अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. त्यांच्या वर्गांतून शेकडो भारतीय शिक्षक तयार झाले आणि मूळ पद्धत जशीच्या तशी पाळण्याचा आग्रहही त्याबरोबर पक्का झाला. नेमक्या याच काळात, १९४५ मध्ये, भावनगर आणि दादर येथे काम केलेल्या त्या विदुषींनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. या टिपणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत वादग्रस्त निर्णय तेथे घेतला गेला. तो म्हणजे ठरावीक साधनसंच सोडून शंख-शिंपले, खडे, बिया, काड्या, पाने-फुले यांवर बालवाडी चालवणे.

शुद्ध पद्धतीचा आग्रह धरणाऱ्यांचा आक्षेप पोकळ नव्हता, हे मान्य केले पाहिजे. गुलाबी मनोरा या माँटेसरी साधनातले दहाही घन एकाच रंगाचे, एकाच लाकडाचे असतात. सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. फरक फक्त आकारमानात असल्यामुळे मुलाचे लक्ष तेवढ्यावरच खिळते. लाकडी ठोकळ्यातील दहा दट्टे आपापल्या भोकांत बसवताना एक जरी चुकला, तरी शेवटी एक दट्ट्या हातात उरतो आणि चूक बाईंनी दाखवावी लागत नाही. त्या दट्ट्याची मूठ अंगठा आणि दोन बोटांत धरताना पुढे लेखणी धरण्याची तयारी होते. नदीकाठचे खडे लहानमोठे लावायला दिले, तर रंग, वजन, खरखरीतपणा सगळेच बदलते आणि चूक कोणती हे ठरवायला मोठे माणूस लागते. म्हणजे ज्या स्वावलंबनासाठी हा खटाटोप, तेच थोडे उणे होते.

तरीही बोर्डीचा निर्णय केवळ पैसे वाचवण्यासाठी होता असे म्हणणे अपुरे आहे. खर्चाची अडचण होतीच. पण मोठी अडचण मुलांच्या जगण्याची होती. मध्यवर्ती ठिकाणी काढलेल्या बालवाडीत वस्तीतली मुले येत नव्हती, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि अंगणवाडी हा शब्द तेथून रूढ झाला. पाड्यावरचे चार-पाच वर्षांचे मूल पाणी भरू लागे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरे, थोडे मोठे झाले की गुरांमागे जाई. दादरच्या मुलाला जे शिकवायचे, ते या मुलाच्या अंगावर आधीच गरजेपेक्षा जास्त पडलेले होते. अशा मुलाला तबकातून डाळ ओतायला देणे म्हणजे त्याच्या दिवसाकडे न पाहणे होते. म्हणून बोर्डीत, आणि पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेल्यानंतर, जीवनव्यवहाराचा भर बदलला. अंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे ही स्वतःच्या शरीराची कामे आधी आली आणि मोकळेपणाने खेळणे हेही काम मानले गेले. भावंडाला सोडून येता येत नाही म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकत्र असलेली विकासवाडी निघाली. गुरे सोडून येता येत नाही म्हणून कुरणशाळा. माँटेसरी पद्धतीची ही भ्रष्ट आवृत्ती होती की तिचा सर्वांत प्रामाणिक वापर, यावर एकमत नाही. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या बाजूला आहे.

पुढच्या काळात हे दोन्ही धागे वेगळ्याच हातांत गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. तथापि पोषण आहार, लसीकरण आणि नोंदवह्या यांच्या ओझ्याखाली मुलाच्या हातचे काम मागे पडले. दुसरीकडे शहरांत माँटेसरी ही पाटी कोणीही लावू लागले. या नावावर कोणा एकाची मालकी सांगता येत नाही, असा निर्णय अमेरिकेत १९६७ मध्येच झाला होता; आपल्याकडे तर निर्णयाचीही वाट कोणी पाहिली नाही. बाकांवर बसवून चौथ्या वर्षी अक्षरे गिरवून घेणाऱ्या शाळाही हे नाव बिनदिक्कत वापरतात, आणि जीवनव्यवहाराचा तास आठवड्यातून एकदा, सर्वांनी मिळून, टाळ्यांच्या तालावर होतो. प्रत्येक मुलाने आपले काम स्वतः निवडायचे आणि पुरे झाले की जागेवर ठेवायचे, हा गाभा त्यात उरत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ आणि कृती यांना पुन्हा जागा दिली, आणि २०२३ मध्ये याच टप्प्यासाठी खेळणी, कोडी, बाहुल्या असलेली पेटी सरकारने तयार केली. घरपोच मिळणारे ओतण्याचे, गाळण्याचे, गुंड्या लावण्याचे संच शहरी घरांत त्याआधीच पोहोचले होते. तबक घरी येते, पण पिण्याच्या पाण्याचा फिल्टर ओट्याच्या वर मोठ्या माणसाच्या उंचीला राहतो आणि सांडलेली डाळ घरकामाच्या मावशी उचलतात. बोर्डीत मुलाचा दिवस आधी पाहून मग साधन ठरवले गेले होते. या संचांच्या बाबतीत साधन आधी विकत घेतले जाते, आणि त्यासाठी मुलाच्या दिवसात वेळ शोधायचे काम पालकांकडे राहते.