लेन्सच्या डबीतलं विरजण

दिवाळीत भाची गावी आली होती, रात्री डोळ्यांतल्या कॉन्टॅक्ट लेन्स काढून डबीत ठेवताना मी पाहिलं तर डबीत कालचं सोल्युशन, म्हणजे लेन्स बुडवून ठेवायचं जंतुनाशक औषध, तसंच होतं आणि तिने वरून चार थेंब नवीन टाकून झाकण लावलं. म्हटलं, काहून वं, जुनं फेकत काहून नाहीस? तर म्हणे, मावशी, बाटली लय महाग येते न, आणि हे तर साफच दिसते.

साफ दिसतं, हीच खरी भीती आहे. दह्याचं भांडं न धुता त्यात दूध ओतलं तर काय होतं? विरजण लागतं. सोल्युशनमधलं जंतुनाशक रात्रभरात खर्ची पडतं, थोडं लेन्समध्येच शोषलं जातं, सकाळी उरतं ते कमजोर, आणि त्यातून वाचलेले जंतू म्हणजे नव्या सोल्युशनला विरजणच. शिवाय ते डबीच्या भिंतीला चिकटून थर करतात, रांजणाच्या आतून हात फिरवला की बुळबुळीत लागतं न, तसाच. याला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आतल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोचत नाही, म्हणून डबी नुसती खळबळून चालत नाही, ताज्या सोल्युशनने बोटाने चोळायची, पुसायची, उलटी ठेवून वाळवायची आणि 3 महिन्यांत बदलायची.

या थरात नेहमी सापडणारा एक जंतू म्हणजे स्यूडोमोनास. पाण्यात, मातीत सगळीकडे असतो, अगदी थोड्या अन्नावर जगतो. बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन थेट हवेतून घेतो, आणि लेन्स लावूनच झोपलं की हा ऑक्सिजन कमी पडतो, डोळ्यांची उघडझापही थांबते, मग इन्फेक्शनचा धोका 6 ते 8 पट वाढतो. स्यूडोमोनास घुसला तर एक-दोन दिवसांतही कॉर्निया पोखरू शकतो, बरा झाला तरी डाग राहतो. आपल्याकडे म्हणतात न, डोळ्यात फूल पडलं, ते हेच.

आता पाणी. आपल्याकडे नळ दोन-तीन दिवसांनी येतो, मग ड्रममध्ये साठवलेलं, नाहीतर विहिरीचं किंवा बोअरचं. यातलं कोणतंच लेन्सला लावायचं नाही, घरी केलेलं मिठाचं पाणी तर नाहीच. पाण्यात अकँथामिबा नावाचा जीव असतो, तो कवच करून बसला की क्लोरीनलाही दाद देत नाही, आणि 1980 च्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून लेन्स ठेवणाऱ्यांना त्याने गाठलं होतं. पुढे याच अकँथामिबाच्या 2007 च्या साथीतही जुन्यावर नवं सोल्युशन ओतणाऱ्यांना धोका जास्त दिसला, म्हणजे भाचीसारख्यांनाच.

त्याआधी 2006 मध्ये फ्युजारियम बुरशीची साथ आली, अमेरिकेत 164 पक्क्या केसेस. ही बुरशी आपल्या ओळखीची, तूर-हरभऱ्यावर मर रोग आणते त्याच कुळातली. तेव्हा एक सोल्युशन जगभरातून परत घ्यावं लागलं, पण सीलबंद बाटल्यांत बुरशी सापडली नव्हती. म्हणजे बाटली उघडल्यावर काय होतं तेही पाहायला पाहिजे. तिच्या तोंडाला बोट लावू नका, दुसऱ्या छोट्या बाटलीत काढून नेऊ नका, मे महिन्यात टिनाच्या खोलीत खिडकीशी ठेवू नका, आणि उघडल्यावर किती दिवस चालते ते वेष्टनावर लिहिलेलं असतं तेवढेच दिवस वापरा. सोयाबीनच्या मळणीला उभं राहायचं असेल तर त्या दिवशी चष्माच बरा.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, तालुक्याला जावं लागलं तरी. मेडिकलमधून मनानेच थेंब आणू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर इन्फेक्शन भडकतं. आणि लेन्सची डबी सोबत न्या, न धुता, त्यातला जंतू तपासून कोणतं औषध लागू पडेल ते पाहता येतं.