ब्रोमाइडपासून युनिकोडपर्यंत: मराठीच्या अर्ध्या र ची पार्श्वभूमी

एके काळी छपाईसाठी शिशाची सुटी अक्षरे, म्हणजे खिळे, जुळारी हाताने जुळवत. मात्रा, वेलांट्या, रफार अक्षराच्या वर-खाली बसवण्यासाठी देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, शेकडो खिळे लागत. फोटोटाइपसेटिंगने हा भार हलका केला. फिल्मवरच्या अक्षरातून प्रकाशाचा झोत जाई, भिंग हवा तो आकार देई आणि अक्षर ब्रोमाइडवर, म्हणजे प्रकाशसंवेदी कागदावर, उमटे. कागद पुढे न सरकवता त्याच जागी मात्राही उमटवता येई.

1985 च्या सुमारास पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची संगणकभाषा आणि पेजमेकर हे पानमांडणीचे सॉफ्टवेअर आले, पाठोपाठ डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानमांडणी. तेव्हाच्या फाँटमध्ये जेमतेम 256 घरे असत. इंग्रजी अक्षरांच्या घरांत कुठे काना, कुठे अर्धा त, कुठे रफार बसवला गेला. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की नुसता कचरा दिसे. ऱ्हस्व वेलांटीही दिसते तशी, व्यंजनाच्या आधी टाइप होई.

पुढे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड ही जागतिक संकेतप्रणाली आली. भारतीय लिप्यांसाठीच्या 1988 च्या इस्की संकेतप्रणालीवरून युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली. मराठीची खरी ओढाताण तिथे झाली, ती अर्ध्या र वरून. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. आचार्यांना वंदन करायचे असते, आचाऱ्यांना स्वयंपाक सांगायचा असतो. हा फरक हौसेचा नाही, अर्थाचा आहे. तरी युनिकोडच्या 1996 च्या 2.0 आवृत्तीत 'दऱ्या'तला हा अर्धा र लिहायचा तर र, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी कसरत होती. पुढे ऱ आणि हलन्त हा मार्ग ठरला. तो ऱ मुळात द्राविडी भाषांतला उच्चार दाखवण्यासाठी ठेवलेला. जुनी पद्धतही सुसंगतीसाठी कायम राहिली.

परिणाम असा की या दोन पद्धतींनी लिहिलेले दोन्ही 'वाऱ्यावर' पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात, पण फाइलमध्ये ते वेगळे शब्द असतात. शोधयंत्रणेने दोन्ही रूपे एक मानली नाहीत, तर एक शोधताना दुसरे सापडत नाही. जुने डीटीपी मजकूर युनिकोडमध्ये आणताना कोणता मार्ग घ्यायचा, हे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला ठरवावे लागते. एकाच संग्रहात दोन्ही मिसळले, तर शब्दसूचीही बिघडते. संग्रह उभारणाऱ्यांनी हे आधीच एकसारखे करून घ्यायला हवे.

'ॲ'लाही युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती थेट 2008 मध्ये, 5.1 आवृत्तीत. तोवर अ वर चंद्र चढवून किंवा हिंदी वळणाचा 'ऍ' वापरून मराठीला भागवावे लागले.