‘लष्कराला माहितीचा अधिकार लागू नाही’ : खरं काय?

‘संरक्षणाचा विषय गोपनीय, तिथे माहितीचा अधिकार चालतच नाही’, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचं कलम २४ उघडून पाहा. त्याखालच्या दुसऱ्या अनुसूचीत वगळलेल्या संस्थांची नावं आहेत: गुप्तचर यंत्रणा, काही निमलष्करी दलं. भूदल, नौदल, हवाई दल त्यात नाहीत. यादी जेमतेम पानभर आहे, स्वतःच वाचून पाहा. शिवाय वगळलेल्या संस्थांनाही भ्रष्टाचाराच्या आरोपांबाबतची माहिती सरसकट नाकारता येत नाही.

मग गोपनीय काय? कलम ८(१)(क) नुसार देशाच्या सुरक्षेला बाधक ठरेल ती माहिती. तोफ कुठे तैनात आहे, हे सांगणार नाहीत. माजी सैनिकाच्या पेन्शनची फाईल कुठे अडली, हे सांगावं लागतं. दोन्हींना एकच ‘गोपनीय’ शिक्का लावणं चूक. कलम १० तर म्हणतं, गोपनीय भाग झाकून उरलेला द्या.

अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत साधारण ३० दिवस. संरक्षण खर्चाच्या आकड्यांसाठी मात्र अर्जही नको: महसुली खर्च (पगार, देखभाल), भांडवली खरेदी (शस्त्रं, विमानं) आणि पेन्शनची तरतूद दरवर्षी अर्थसंकल्पात वेगवेगळी छापलेली असते.