चाचणीच्या आधीची चाळणी

निळ्या-पिवळ्या रंगातली एक नक्षी. तिचा एक तुकडा गायब. खाली पाच तुकडे दिलेत, त्यातला कोणता तिथे बसेल? एक शब्दही वाचायचा नाही, लिहायचा नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाने फक्त बघायचं आणि ओळखायचं. ही नाग्लिएरी चाचणी. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीने २००५ साली ती दुसरीतल्या सगळ्या मुलांना द्यायला सुरुवात केली.

महत्त्वाचं आहे ते ‘सगळ्या’. कारण त्याआधी तिथेही आपल्यासारखंच चालायचं. बाईंना एखादं मूल हुशार वाटलं, किंवा आईवडिलांनी शाळेत जाऊन आग्रह धरला, की मूल मानसशास्त्रज्ञाकडे जायचं. बुद्ध्यांक १३० भरला की ते हुशार मुलांसाठीच्या विशेष वर्गाला पात्र. गरीब घरातल्या किंवा इंग्रजी अजून शिकत असलेल्या मुलांसाठी हीच रेषा ११६ वर होती. म्हणजे सवलत आधीपासून होती, तरी ही मुलं वर्गात फारशी दिसत नव्हती. रेषेपर्यंत त्यांना कुणी नेतच नव्हतं.

डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी या बदलाचा अभ्यास केला. (कार्ड यांना पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, वेगळ्या कामासाठी.) पात्रतेची रेषा तीच, मानसशास्त्रज्ञाची अंतिम बुद्ध्यांक चाचणीही तीच; फक्त तिच्यापर्यंत मूल आता नक्षीच्या चाचणीतल्या गुणांवरूनही पोचायचं. पण निवडलेल्या गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या एकदम वाढली. मुलीही वाढल्या. ही मुलं आधीही त्याच बाकांवर बसत होती, हे वाचताना मला फार लागलं.

यात शिक्षकांचं मन खोटं असतं असं नाही. नजर फसते. वर्गात हुशार म्हणून डोळ्यात भरतं ते पटकन हात वर करणारं, वही नीट ठेवणारं, शाळेची भाषा घरी बोलणारं मूल. शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात लुइस टर्मन यांनी बुद्धिमान मुलं शोधताना शिक्षकांना विचारलं होतं, वर्गातलं सर्वांत हुशार मूल कोणतं, आणि वयाने सर्वांत लहान कोणतं? शिक्षकांनी ‘हुशार’ म्हणून सुचवलेल्या मुलांपेक्षा जन्मतारखेवरून काढलेलं सर्वांत लहान मूलच जास्त वेळा खरोखर सर्वांत बुद्धिमान निघालं. दहा वर्षांचं मूल बारा वर्षांच्यांच्या बरोबरीने चालत असेल, तर ते बाईंना साधारणच वाटतं.

ब्रोवर्डमध्ये पुढे मंदी आली, खर्चाला कात्री लागली, सर्वांची चाचणी बंद झाली. वर्गांचं चित्र पुन्हा पूर्वीसारखं झालं.

आपल्याकडची नवोदयची सहावीची प्रवेश परीक्षा घ्या. ८० प्रश्न, त्यातले निम्मे निव्वळ आकृत्यांचे, अगदी त्या नक्षीसारखे. पेपर मराठीतही मिळतो. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. परीक्षेची आखणी मला मनापासून आवडते. पण त्याआधी ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. मुख्याध्यापकांची सही, मुलाचा फोटो, पालकांची सही, सगळं अपलोड करायचं. आईबाप ऊसतोडीला गेलेले असतील आणि शाळेतल्या कुणी मनावर घेतलं नाही, तर पाचवीतलं ते मूल परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचतच नाही. आणि सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.